सत्काराची फरशी

एखाद्याचा सत्कार करायचा ठरला की त्याला काय हवंय हे विचारायची लोकांना गरजच वाटत नाही. नाचाच्या वर्गाच्या बाईंना पंचाहत्तरावं लागलं तेव्हा त्यांनाही कुणी विचारलं नाही. जुन्या विद्यार्थिनींनी समिती नेमली, समितीने परस्पर ठरवलं, आणि बाईंना पत्ता लागू द्यायचा नाही म्हणून बाईंच्या वहिनीला तेवढं विश्वासात घेतलं.

समितीची म्होरकी दातांची डॉक्टर. भर दुपारी मागच्या दाराने आली आणि पाणीही न पिता म्हणाली, "काकू, वर्गातल्या त्या जुनाट फळ्या काढून टाकतोय. खाली सिमेंट, वर नवी कोरी फरशी! दोन दिवस बाईंना कुठेतरी घेऊन जा फक्त."

"फळ्या? त्या कशाला काढायच्या?" वहिनी घाईघाईने म्हणाली.

खरं तर तिने आनंदाने उडी मारायला हवी होती. वर्गाच्या भिंतीला लागूनच तिचं स्वयंपाकघर. या घरात लग्न होऊन आली त्या दिवसापासून संध्याकाळी पोरींचे पाय सुरू झाले की मांडणीवरचे डबे सरकत कडेला येत आणि ती ते पुन्हा आत ढकलत असे. पुढे नवरा गेला, मुलगा परगावी गेला; नणंद आणि डबे होते तिथेच राहिले.

नणंद म्हणजे एक प्रकरणच होतं. बघायला आलेल्या मुलाने "लग्नानंतरही नाचणार का?" असं विचारलं, तर यांनी "तुम्ही लग्नानंतरही जेवणार का?" असं उलट विचारून स्थळ घालवलं. वडिलांच्या बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत उरलेल्या फळ्या वीतभर उंचीवर ठोकून घेतल्या आणि वर्ग काढला. पोस्टमनची मुलगी आणि बँकेतल्या साहेबांची मुलगी एका रांगेत उभ्या करून दोघींना सारखंच झापलं. शिंप्याच्या मुलीचा एक पाय आखूड होता. तिच्यासाठी सगळ्यांची पावलं नव्याने बसवली आणि कार्यक्रमात "ओळखा बघू ती कोणती" म्हणून पालकांशीच पैज लावली. कुणालाही ओळखता आली नाही. भिंतीकडे तोंड करून उभ्या असल्या तरी ओरडायच्या, "खिडकीजवळची, टाच उशिरा पडतेय!" बाईंना पाठीला डोळे आहेत, असं गाव म्हणायचं.

पाठीला डोळे! डोंबलाचे डोळे. बाईंचे कान गेले होते. आधी एक, मग दुसरा, आणि त्यालाही वर्षं लोटली होती. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखत, आणि अनवाणी तळव्यांना फळ्यांमधून एकेकीचं पाऊल कळे. कानाचं यंत्र कपाटात पडलेलं. हे माहीत होतं एकट्या वहिनीला. सिमेंटवरून कसलं काय कळणार? फरशी बसली की वर्ग संपला.

"वन्सं, सांगून टाका त्यांना," त्या संध्याकाळी फरशीचा सगळा बेत सांगून वहिनी म्हणाली.

"काय सांगू? नाचाची मास्तरीण ठार बहिरी आहे? मग कोण पाठवील पोरी?"

"आणि फरशीवर शिकवणार कशा?"

"नाही शिकवणार. गुडघे दुखतात म्हणेन. मानाने तरी बंद होईल. तू तोंड उघडायचं नाहीस, शपथ आहे माझी."

"मान! काय उकडून खायचाय तो मान?" वहिनी पाठ फिरवून पुटपुटली.

"इकडे बघून बोल, कळत नाही मला."

"शिव्या देत होते!"

"मग हरकत नाही."

शपथेत अडकलेली वहिनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीकडे गेली. फरशी गार लागेल म्हणाली, तर गालिचा देऊ. पाय घसरेल म्हणाली, तर खरबरीत आणलीये. गुडघे म्हणाली, तर माझा भाऊ हाडांचा डॉक्टर आहे, काकू! दिसेल त्या पोकळीत भरायला हिच्याकडे काहीतरी तयारच.

ठरल्या दिवशी पहारी घेऊन माणसं आली. वहिनी नणंदेला कुठेही घेऊन गेली नव्हती. बाई फळ्यांच्या मधोमध, दाराकडे पाठ करून उभ्या होत्या, बहुधा निरोप घेत. डॉक्टरणीने उंबऱ्याबाहेरून हाक मारली. पुन्हा मारली.

"ओ आजी, सरका की जरा!" मुकादम खेकसला.

"रागावल्यात का हो माझ्यावर?" डॉक्टरणीचा चेहरा उतरला. "इतक्या मनापासून करतोय आम्ही, आणि साधं वळूनही बघत नाहीत?"

वहिनीचा बांध फुटला. "अगं, रागावायला आधी ऐकू यायला नको का! दोन्ही कान गेलेत त्यांचे. या फळ्यांवर पाय टेकवून शिकवतात त्या, आणि त्याच तू उखडायला निघालीस! आता झालं समाधान?"

बाई हलल्याही नाहीत. कशा हलतील?

डॉक्टरणीने चपला काढल्या. मग तिने हळूच एक पाऊल फळीवर टाकलं, मग दुसरं.

"डाव्या पायावर रेलायची खोड गेली नाही ना अजून?" बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "दातांची डॉक्टर झालीस, पण चाल तीच."

डॉक्टरणीने डोळे पुसले, बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाई, फरशी चुकीच्या रंगाची आली. परत पाठवतोय."

"एक काम धड जमेल तर शपथ!" बाई म्हणाल्या, पण हाताने शेजारची खुर्ची चाचपून खाली बसल्या.

आठवडाभरात गावात सगळ्यांना कळलं, आणि तोंडावर कुणी ब्र काढला नाही. वैताग मात्र वाढला तो वहिनीचाच; मांडणीवरचे डबे आता कडेला थांबेनात, थेट खाली येऊ लागले.

"अगं, लोकांना झालंय काय?" बाई कुरकुरल्या. "तो दूधवाला तोंडासमोर येऊन शब्द चावून चावून बोलतो. आणि पोरी! पाय टाकतात का मुसळ घालतात? नाजूकपणा म्हणून उरला नाही. तू काही बोलली नाहीस ना कुणाला?"

"मी कशाला बोलू?"

"नाही, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून विचारलं. उद्यापासून सगळ्यांना पहिलं पाऊल पुन्हा शिकवणार आहे मी. हलकं पाऊल म्हणजे काय ते कळू दे एकदा."

"शिकवा," वहिनी कपाळावर हात मारून म्हणाली. "जन्मभर शिकवा!"