खालच्या बाजूची माती

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मातीताई म्हणत. नाव पडलं तेव्हा ती नोकरीत नवी होती आणि चिडायची. पुढे फोन उचलल्यावर तिच्याच तोंडून "मातीताई बोलतेय" असं निघायला लागलं. लोक पिशवीत माती घेऊन यायचे आणि विचारायचे, ह्या जमिनीचं काय करू? कोणाला बाग लावायची असे, कोणाला घर बांधायचं असे. ती चिमूटभर माती ओली करायची आणि अंगठ्याने बोटावर दाबत पुढे सरकवायची. वाळूसर माती लगेच तुटे. पोयट्याची पट्टी थोडी लांबून मोडे. चिकणमातीची मात्र जिभेसारखी बाहेर येत राही. "ही पाणी धरून बसणारी आहे. ओली झाली की फुगेल, वाळली की आक्रसेल, तुमच्या भिंती तडकतील," ती सांगायची, आणि समोरच्याचा चेहरा पडला की त्याच्यासाठी चहा मागवायची.

घरी ती आणि आई, दोघीच. लग्न का नाही केलं म्हणून कोणी खोदून विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, इस्त्रीचे कपडे आणायचे राहून जावेत तशी. वडील बसचे चालक होते. ती कॉलेजात असताना एका पावसाळ्यात ते झोपेतच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. आता ती स्वतः पन्नाशीच्या पुढे गेली होती.

शेजारपाजारचे म्हणत, आईने त्यांना कधी जाऊच दिलं नाही. आईचं म्हणणं उलट होतं.

"मी कशाला धरून ठेवू? त्यांनाच जाता येत नाही," भाजी निवडता निवडता ती म्हणायची. वडील स्वयंपाकघराच्या दाराशी उभे असतात, काही बोलत नाहीत, नुसते ओले असतात, असं ती सांगे. कधीकधी उठून दाराजवळची कोरडी फरशी पुसून घेई. "गार लागतं गं त्यांना."

लेक सुरुवातीला समजूत घालायची. मग सोडून दिलं. आईचं वय झालं, असं ती स्वतःला सांगे. पण त्या दारातून जाताना आपणही जरासं अंग चोरून जातो, हे तिच्या ध्यानात यायचं, आणि आलं की ती मुद्दाम मधोमध चालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशात एक दिवस दफनभूमीतून फोन आला. तिथल्या खोदकाम करणाऱ्याला सगळं गाव कुदळमामा म्हणे. मोठा चेष्टेखोर माणूस. "माझ्या हाताखालून गेलेल्या एकाचीही तक्रार नाही," असं भर बाजारात सांगायचा. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज ओळखू येईना.

"ताई, जरा येऊन जाता का? वर कळवायच्या आधी तुम्ही बघा."

"झालंय काय, मामा?"

"खालच्या बाजूची माणसं संपत नाहीत, ताई."

दफनभूमी एका उतारावर होती. जुना भाग वरच्या अंगाला. गाव वाढलं तशी खालची सपाट जमीन तिला जोडली होती. मोकळी, हिरवीगार, दगडगोटा नाही. बघणाऱ्याला याहून चांगली जागा दिसली नसती. पुरेशी वर्षं उलटली की जुन्या जागी नवं माणूस ठेवायचं, असा तिथला नियम. वरच्या बाजूला त्या नियमाने कधी अडचण आली नव्हती. यंदा कुदळमामाने पहिल्यांदाच खालच्या बाजूची जुनी रांग उघडायला घेतली होती, आणि पहिल्याच ठिकाणी कुदळ टाकून बाहेर आला होता.

"हाडं असतील म्हणून खणलं," तो म्हणाला. "माणूस होता. जसा ठेवला तसा. मी झाकून टाकलं. शेजारचं उघडलं, तिथेही तेच. मग माझी काही छाती होईना."

तिने गिरमीट काढलं. दांड्याला दोन्ही हातांनी पीळ देत ते जमिनीत उतरवलं आणि वर ओढलं. वरचा थर तपकिरी, मुळांनी भरलेला, बघून कोणीही म्हणावं छान आहे. त्याच्याखाली रंग बदलला. राखाडी, निळसर, मधूनमधून गंजाचे ठिपके. वास आला, साचलेल्या डबक्याचा. तिने चिमूट घेऊन दाबली तर पट्टी निघत राहिली, निघत राहिली, तुटेचना. गिरमिटाच्या भोकात खालून पाणी वर आलं होतं.

मग वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला तिने एकेक खड्डा घेऊन पाण्याने भरला. वरचं पाणी बघता बघता जिरलं. खालचं मात्र ती जेवण करून आली तरी तसंच. त्यात आभाळ दिसत होतं.

"मातीत माणूस विरतो तो हवेमुळे, मामा," तिने सांगितलं. "कणांच्या मध्ये फटी असतात, त्यात हवा असते, त्या हवेवर बारीक जीव जगतात आणि तेच सगळं काम करतात. इथे फटी इतक्या बारीक आहेत की पाणी एकदा शिरलं की हलत नाही. हवा नाही म्हणजे ते जीव नाहीत. मग शरीर मेणासारखं होऊन राहतं."

"किती दिवस?"

"पाणी आहे तोवर."

कुदळमामाने टोपी काढून हातात धरली. "तुमचे वडील... भिंतीकडच्या रांगेत ना?"

ती हो म्हणाली. हे तिला गिरमीट वर आलं तेव्हाच कळलं होतं. निळसर मातीचा गोळा तिच्या तळहातावर होता आणि तो थंडगार होता.

घरी येऊन तिने साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. आई ओट्याशी उभी होती. तिने लेकीचा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला.

"ही त्यांच्याकडची माती," आई म्हणाली.

"आई, कामाला गेले होते मी. कुठलीही असेल."

"त्या दिवशी माझ्या साडीला लागली होती. कितीदा धुतली तरी वास गेला नाही. मी ओळखणार नाही?" आईने हात सोडला नाही. "काय बघून आलीस, सांग."

आईशी खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिने सांगितलं; निचरा, पाणी, हवा, सगळं जसंच्या तसं. आई रडेल, किंचाळेल, असं तिला वाटलं होतं. आई खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मग मी वेडी नव्हते."

लेक ओट्याला टेकून उभी राहिली. इतकी वर्षं आई जे सांगत होती ते मनाचे खेळ म्हणून तिने बाजूला सारलं होतं, आणि इथून थोड्याच अंतरावर, गार पाण्यात, वडील खरंच होते.

पालिकेच्या अधिकाऱ्याला तिने जे होतं ते कळवलं. माणूस समंजस होता. आधी त्याने विचारलं, "मॅडम, मग तिथे दफन बंद करून इमारत उभारली तर?"

"ही माती पाया धरणार नाही, साहेब. आणि खाली माणसं आहेत."

"बाग?"

"झाडांची मुळं गुदमरतील. पाण्यात वाढणारं गवत येईल, तेवढंच येऊ द्या."

त्याने मान डोलावली. खालची बाजू बंद करायची ठरली. ज्या घरांची इच्छा असेल त्यांच्या माणसांना उन्हाळ्यात, पाणी खाली गेलं की, वरच्या वाळूसर उतारावर हलवायचं. बहुतेकांनी नको म्हटलं. झोपलेल्याला कशाला उठवायचं, असं ते म्हणाले.

आईने मात्र एका दमात उत्तर दिलं. "हलव. मला त्यांच्या शेजारी यायचंय, आणि तुझ्या ह्या कागदामुळे मला खाली कोणी येऊ देणार नाही."

उन्हाळ्यातल्या एका सकाळी ती दफनभूमीत गेली. घरचं कोणीतरी हजर असायला हवं होतं, आणि आईला तिने घरीच थांबवलं होतं. माती आता वाळून भेगाळली होती, पण कुदळमामा कमरेइतका खाली गेला आणि फावड्याला पुन्हा ती निळी, ओली माती लागली. त्याने हात थांबवला.

"ताई, तुम्ही तोंड फिरवून उभ्या राहा. मी उरकतो."

"नको. बघते."

काय दिसणार ते तिला ठाऊक होतं. पुस्तकांत वाचलेलं होतं. तरी कडेला गुडघ्यांवर बसून तिने खाली पाहिलं आणि खड्ड्याचा काठ दोन्ही हातांनी धरला. रंग माणसाचा नव्हता, मळकट मेणाचा होता. पण कपाळ तेच, हनुवटीवरची खाच तीच. आईने विणलेला स्वेटर अंगात होता, गुंड्या लावलेल्या. आणि हा माणूस लहान होता. तिच्यापेक्षा लहान. आरशात तिला रोज जो चेहरा दिसे त्याच्याशेजारी हा एखाद्या धाकट्या भावाचा वाटला असता. "बाबा" हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथेच घुटमळला. इकडे तिचे केस पांढरे होत होते तेव्हा इथे खाली कोणीतरी त्यांना तस्संच जपून ठेवत होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे तिने आयुष्यभर बोटांनी चुरलेली चिकणमाती होती.

"उचला," ती म्हणाली.

दुपारपर्यंत ते वरच्या उतारावर, भुसभुशीत मातीत निजले. कुदळमामाने शेवटी एक घागर पाणी ओतलं. ते लगेच आत गेलं. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "बरी जागा आहे." त्याला एरवी काहीतरी विनोद सुचला असता.

त्यानंतर आईने दाराजवळची फरशी पुसली नाही. लेकीचा जीव भांड्यात पडला. पण आई दिवसेंदिवस गप्प होत गेली. जेवताना मधेच थांबे आणि दाराकडे बघत राही.

"दिसतात का?" एकदा लेकीने भीत भीत विचारलं.

"नाही. चालले." आईने ताट पुढे सरकवलं. "किती वर्षं लागतील त्यांना, त्या मातीत?"

"पुष्कळ नाही लागणार."

"सवय झाली होती गं," आई म्हणाली. "कुणीतरी उभं असण्याची."

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. कुदळमामाने वरच्या उतारावर वडिलांशेजारीच तिची जागा काढली.

आता लेक घरात एकटीच राहते. दारातून मधोमध जाते, कोणी अडवत नाही. रात्री दिवा घालवण्याआधी मात्र ती घर ऐकत बसते. कोणी ओल्या पायाने आलं तर कळावं म्हणून. कोणी येत नाही. गावोगावच्या दफनभूम्या तपासायला आता तिलाच बोलावतात, आणि ती खड्ड्यात पाणी ओतून ते जिरेपर्यंत काठावर थांबते.

मध्यंतरी ती आईवडिलांना भेटून उतरत होती. खालच्या बाजूला गवत छातीइतकं वाढलं होतं, बेडूक ओरडत होते. कुंपणाच्या तारेला धरून एक म्हातारी उभी होती. तिने हिला थांबवलं.

"बाई, तुम्हीच ना त्या मातीवाल्या? माझा मुलगा आहे आत. सात वर्षांचा. मी नाही हलवू दिलं त्याला."

"बरं केलंत," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"लोक म्हणतात, ह्या मातीत माणूस तसाच राहतो." म्हातारीने तार घट्ट धरली. "खरंय का हो? अजून तसाच असेल तो?"

ह्या मातीला ती आयुष्यभर नापास करत आली होती. बंद, गुदमरलेली, कशाच्याही कामाची नाही, असं तिनेच स्वतःच्या सहीने कळवलं होतं. गवतातून थंड वाफ वर येत होती.

"हो," ती म्हणाली. "तसाच आहे."

म्हातारीचा चेहरा उजळला. तिने तारेतून हात आत घातला, गवतावरून फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा, आणि पदर सावरून ती घराकडे निघाली.