भाऊजींचा बर्फ

बर्फाचा खरा उपयोग सबंध नागपुरात फक्त आपल्यालाच कळला आहे, असं मानणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. भाऊजी सर्जन. सत्तरच्या दशकात फ्रिज म्हणजे चैन. पण त्यांच्या फ्रिजमध्ये उकळून घेतलेल्या स्टीलच्या डब्यांत सलाइन गोठत असे आणि ताई भर मे महिन्यात माठातलं कोमट पाणी पीत असे. पाहुण्यानं सरबतात बर्फ मागितला की भाऊजी दुखावत. "अहो, तो किडनीसाठी आहे!" पाहुणा ग्लास हळूच खाली ठेवी. मूत्रपिंडातला मोठा खडा काढताना रक्तवाहिनी चिमट्यानं बंद करावी लागते. तेवढा वेळ रक्तावाचून ते मरू नये म्हणून बर्फात ठेवायचं, गारव्यात त्याची भूक मंदावते, असं ते भर पंगतीत समजावत. सरावासाठी खाटकाकडून बकऱ्याचे गुर्दे आणत. तेवढा वेळ ताई देवघराचं दार लावून घेई. सीताबर्डीत रिक्षा अडकल्या की रस्ताही चिमटा लावलेली रक्तवाहिनीच समजून भाऊजी स्कूटर सोडून धावत, "हटवा ना गा! पुढचं सारं मरून राहिलं!" रिक्षावाले त्यांना साध्या कपड्यातले पोलीस समजत.

आईला एकच मूत्रपिंड उरलं होतं आणि त्यातच फांद्या फुटलेला खडा झाला. वडील मुंबईचं नाव काढू लागले. आई म्हणाली, "मले नाही जायचं. जवाईबुवा आहेत ना." जावयापुढे डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी आई त्यांच्याच टेबलावर झोपली.

खडा निघाला. पण तुकडे खोल रुतलेले. चिमटा ठरवल्यापेक्षा फार वेळ राहिला. बर्फ वितळत गेला, ते नवा घालत गेले. लघवी काही उतरली नाही. रक्त शुद्ध करायचं यंत्र तेव्हा गावात नव्हतं. भाऊजी खाटेशी बसून नळीच्या रिकाम्या बाटलीकडे बघत राहत. "काहून बसून राहिले जी? जेवून घ्या," असं आईच त्यांना म्हणे. काही दिवसांत ती गेली.

वडिलांनी त्यांना कधी दोष दिला नाही. भाऊजीच आमच्याकडे यायचे बंद झाले.

संत्र्यांचा हंगाम आला, तेव्हा एका सकाळी ते दारात उभे. आईसारखंच एकच मूत्रपिंड उरलेल्या नरखेडकडच्या एका बागवाल्याचं त्यांनी तसंच ऑपरेशन केलं होतं.

"मामा, त्याची लघवी सुटली," एवढंच वडिलांना म्हणाले आणि उंबऱ्यातच मटकन बसून लहान मुलासारखे रडू लागले.

वडील दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून ते त्यांच्याशेजारी टेकले.

"लय चांगलं केलं रे पोरा," ते म्हणाले.

वडिलांनी जावयाला एकेरीत हाक मारलेली मी तेवढीच ऐकली.