तिसरं वाक्य

मगदूम सरांच्या बायकोचा, काकींचा, फोन आला तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडत होते. "सर गेले की गं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं?" मला कळलं नव्हतं असं नाही. मरण या शब्दाचीच मला लहानपणापासून भीती, म्हणून जीभ तशी वळली.

मगदूम सरांनी आम्हाला गडहिंग्लजला अकरावी-बारावीत तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. विषयाचं नाव ऐकून चुलते म्हणाले होते, "शिकून काय कीर्तन करणार हायस?" सुरुवातीच्याच एका तासाला सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. सर्व माणसे मर्त्य आहेत. मगदूम सर माणूस आहेत. पुस्तकात तिथं कुणा ग्रीक माणसाचं नाव होतं. ते काढून सरांनी स्वतःचं घातलं होतं. मग डावा हात नेहमीसारखा खिशात ठेवून उजव्या हाताने खडू माझ्यापुढे धरला. "तिसरं वाक्य तू लिही." घरात कुणी अभद्र बोललं की आई म्हणायची, वास्तू तथास्तु म्हणत असते. मी लिहिलं आणि खरंच झालं तर? मी मान खाली घालून उभी राहिले. सर रागावले नाहीत. म्हणाले, "निष्कर्ष नको असेल तर वरच्या वाक्यांत चूक काढायची. आपण घाबरलो म्हणून वाक्य खोटं ठरत नाही." मागच्या बाकावरून बाबू म्हणाला, "सर, तुम्ही माणूस हाय हेच पटत न्हाय." सगळ्यात मोठ्याने सरच हसले.

मोठ्या माणसाला असं बोललेलं चालतं, हे मला त्या वर्गात पहिल्यांदा कळलं. तेवढ्या बळावर मी एम.ए. झाले आणि आता कोल्हापुरात हाच विषय शिकवते. पण शिकवताना मी पुस्तकातलं ग्रीक नावच ठेवायचे. त्यात धोका नव्हता. तो माणूस केव्हाच मेलेला होता.

सर आजारी आहेत कळल्यावर मी एसटीने भेटायला गेले होते. आवाज अगदी बारीक झाला होता. काकी चहा ठेवायला आत गेल्या तसं त्यांनी माझं मनगट धरलं. "सुनंदा, ते तिसरं वाक्य... मला आता म्हणवत नाही गं. भ्या वाटतंय. तू म्हण." जन्मभर हसत हसत ते शिकवणाऱ्या माणसाचा हात थरथरत होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. कसंबसं म्हणाले, "सर, दुसऱ्या वाक्यात चूक हाय. तुम्ही माणूस हाय हेच पटत न्हाय." ते खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "हे बाबूचं उत्तर. तुझं कुठाय?"

मी "येते" म्हणून निघाले. मनगट सोडवून घ्यावं लागलं...

गेल्या आठवड्यात तोच धडा आला. पहिलं वाक्य लिहिलं आणि दुसऱ्यापाशी खडू थांबला. ग्रीक नाव लिहवेना. सरांचं लिहिण्यात आता अर्थ नव्हता. मी लिहिलं, सुनंदा मॅडम माणूस आहेत. पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे मी खडू धरला. तिने तो घेतला नाही, मान खाली घातली. डावा हात थरथरायला लागला होता. सरांचा डावा हात नेहमी खिशात असायचा, ते तेव्हा आठवलं. मी माझा पदराआड नेला आणि खडू तसाच धरून उभी राहिले.