रेघेवर चालणारी कोंबडी

मला सांगा, तुम्ही विश्वास कुणावर ठेवता? काट्यावर, कॉम्प्युटरवर, की काटा धरणाऱ्या माणसावर? गौलीगुड्यातल्या माझ्या पशुखाद्याच्या दुकानात पोत्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. हे मात्र सगळे एकाच उन्हाळ्याचे.

बाजार खुला झाला होता, जो तो कोंबड्यांची शेड टाकत होता. नवरा गेल्यावर माझ्या धाकट्या बहिणीनेही, कुसुमने, घर गहाण टाकून दोन हजार ब्रॉयलर पिल्लं घेतली. बॅच बुडाली तर घर गेलं. आणि खाद्य माझं. त्या दिवसांत मला घास गोड लागला नाही.

*

तारनाक्याचे रमणा सर पशुआहाराचे डॉक्टर; कॉम्प्युटरवर समीकरणं मांडायचे. पक्षी किती खातो, त्यातलं अंगी किती लागतं, नुसतं जगायला किती जळतं, असं सगळं. मी सातवीत शाळा सोडलेली. विचारलं, "सर, हे कोंबडीला कळतं का?"

"तिला कशाला कळायला हवं, सेठ? तुम्हाला कळलं की पुरे."

मला कळलं नाही. तरी खाद्य त्यांच्याच हिशेबाने मिसळलं.

*

सरांनी एका पक्ष्याचं रोजचं अंदाजी वजन छापून दिलं. सोबत आलेखाची एक रेघ, आधी सावकाश चढणारी, मग झरझर. कुसुमने कागद शेडच्या दाराला चिकटवला. म्हणाली, "दादा, लग्नपत्रिकासुद्धा इतक्यांदा वाचली नव्हती मी."

*

वजन करायचं काम शेडवरच्या यादगिरीचं. पहिल्या दिवशी त्याने समोर बसलेली पन्नास पिल्लं तोलली. सर म्हणाले, "हाताला लागतात ती एक तर जड, नाही तर आजारी. पळणारीही धर."

यादगिरी संध्याकाळपर्यंत धावला. मग मला म्हणाला, "सेठ, मेरा बी वजन लिख लेव. दो किलो घट गया."

*

मे महिना तापला. कुसुम म्हणाली, "दादा, खाद्य उरतंय." मी यादगिरीची वजनांची वही मागवली. पाहिलं, तर वजनं रेघेवर अगदी बरोबर. कमी खाऊन तेवढंच वजन! मी तीन गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं की माझ्या खाद्यात दम आहे.

सरांना वही दाखवली. त्यांचा चेहरा उतरला.

"खाद्य पचतानाही अंग तापतं, सेठ. अशा उन्हात पक्षी खाणं सोडतो. वजन रेघेच्या खाली यायला हवं होतं." वही मिटून म्हणाले, "शिवाय माझा अंदाज इतका बरोबर आजवर कधी आलेला नाही."

*

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा काटा घेऊन शेडवर आले. एक पक्षी तोलला, दुसरा तोलला. असे पन्नास. सरासरी वहीपेक्षा पाव किलो कमी.

कुसुम खाली बसली. मी यादगिरीला विचारलं, "काय लिहीत होतास रे?"

त्याने दारावरच्या कागदाकडे बोट केलं. "डॉक्टर साब पहलेच छाप के दिये ना, इत्ता होना करके. शुरू में तोल के लिख्या. बाद में कम आने लगा. कम लिखूं तो अम्मा रोते."

सर म्हणाले, "विक्रीला अजून बारा दिवस आहेत. दुपारचं खाद्य बंद, पहाटे द्या. रोजचं खरं वजन कळलं, तर काही तरी भरून काढता येईल."

कुसुम उठली. दारावरचा कागद काढून तिने घडी घातली आणि वही यादगिरीच्या हातात दिली.

"जे येईल तेच लिही, बाबा. मी रडले तर रडू दे."