मनीच्या तोंडून खाडी

लग्न होऊन कुंडलला आले आणि पहिली शिस्त कळली ती ही, की सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही. मामंजी पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, म्हणजे शिस्त अंमळ जास्तच. मग मी मांजरीशी बोलायचे. "मने, मामंजींना म्हणावं, चहा झालाय." मामंजीही तिलाच हुकूम सोडायचे, "मने, तिला म्हणावं, साखर कमी." मनी मधे बसून जांभया द्यायची.

माझं माहेर कोकणात, खाडीकाठी. घरामागं भरतीचं पाणी शिरतं असा खारा चिखल आणि त्यात तिवरांची दाट झाडी. पाठवणीच्या वेळी मामंजींचे डोळे भरून आले होते. मला बरं वाटलं. पुढं कळलं की ते माझ्यासाठी नव्हतं, 'एवढी जमीन पडीक!' म्हणून होतं. उसाच्या मुलखातल्या माणसाला ऊस नसलेली जमीन बघवत नाही.

दिवाळीनंतर माझा भाऊ आईनं दिलेले सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी, घेऊन आला. वासावरून कंडक्टरशी भांडण झाल्यानं गाठोडं एसटीच्या टपावरून आलं. मामंजींनी त्याला मळा दाखवला, गुऱ्हाळ दाखवलं, काकवी पाजली. माझा भाऊ भोळा. संध्याकाळी दोघं हसत परतले.

"ती खाडीवरची झाडं तोडायची, बांध घालायचा आन् ऊस लावायचा," जेवायला बसताना मामंजी म्हणाले. "बेणं मी देतो पावनं. गाडीभर न्या."

"येत्या उन्हाळ्यातच तोडतो," भाऊ म्हणाला.

वडील गेल्यावर आईनं आम्हाला त्या तिवरांच्या जिवावर वाढवलं होतं. मुळांवरची कालवं, चिखलातल्या चिंबोऱ्या, ओहोटीला हाती लागणारी कोळंबी विकून. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाटा त्या झाडीत शिरून मऊ पडायच्या, म्हणून आमचं घर उभं होतं. हे सगळं उसाच्या कांड्यांखाली जाणार होतं आणि मला तोंड नव्हतं.

मी सोड्याचं कालवण वाढलं. दुसऱ्यांदा काही घ्यायचं नाही असा मामंजींचा नेम. त्या दिवशी ते तिसऱ्यांदा घेत होते.

"मने," मी म्हटलं, "मामंजींना म्हणावं, पोटभर जेवा. तिवरं तुटली की हे पुन्हा मिळायचं नाही."

मामंजींचा घास थांबला. "मने, इचार तिला, सोडं काय झाडाला लागत्यात व्हय?"

"मने, सांग त्यांना, कोळंबीची पिल्लं त्या मुळांतच लपून मोठी होतात. झाडं गेली की तीही गेली."

"मने, तिला म्हणावं, आमी उसाचं शेतकरी हाय, आमाला शिकवू नगं."

"मने, त्यांना म्हणावं, खाऱ्या चिखलात ऊस आधी दाखवा."

मनी आळीपाळीनं दोघांकडं बघत होती. एवढ्यात तिनं भावाच्या ताटातला भलामोठा सोडा उचलला आणि खिडकीतून पसार झाली. आता बोलायचं कुणाशी? मला राग आवरला नाही.

"मामंजी," मी थेट त्यांच्याकडं बघून म्हणाले, "ती जमीन पडीक नाही. ती माझ्या आईची चूल आहे. तिच्यावरच मी वाढले आणि तुमच्या घरात आले. ती मोडू नका."

सासूबाईंच्या हातातली भाकरी परातीत पडली. पदर सावरायचंही मला सुचलं नाही. आता माहेरी परत धाडतात, असंच वाटलं.

मामंजी भावाकडं वळले. "खरं हाय का हे?"

"खरं आहे," भाऊ ताटात बघत म्हणाला.

"मग मघाशी तोंडात काय हुतं?"

"काकवी," भाऊ म्हणाला.

मामंजींच्या मिशा हलल्या. ते हसत होते की चिडले होते, कळेना. "बेण्याच्या जागी गुळाची ढेप न्या. झाडाला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी सवयीनं मनीला इकडं तिकडं शोधलं. ती कुठंच नव्हती. शेवटी त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"वाढ की, लेकी."

पातेलं केव्हाच रिकामं झालं होतं. तरी ते घेऊन मी चुलीपाशी गेले आणि पदरानं डोळे पुसत बसले.