आजोबांच्या फोटोला हार

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल. असा घोळ अख्ख्या मानकोलीत दुसऱ्या कुणी घातलेला न्हाय.

मी तिथल्या एका गोडाऊनला सुपरवायझर. सहा वर्षं कंत्राटावर. आमचा माल घेणाऱ्या ऑस्ट्रेलियन मॅडम भेटीला येणार होत्या. पाटीलसाहेब म्हणाले, "ही व्हिजिट नीट पार पाड, तुला पर्मनंट करतो. गडबड केलीस, तर पडघ्याला जाऊन भाजी विक!"

आमच्या गोडाऊनची कबड्डीची टीम हाय, हे मॅडमना कळलेलं. त्यांनी कौतुकानं आपल्या आजोबांचा फोटो आणि चार पानी मेल पाठवला. आजोबा जुन्या काळचे रग्बी लीगचे फॉरवर्ड. म्हणजे काय? अंड्यासारखा चेंडू छातीशी धरायचा आन् समोरच्या आडदांड गड्यांत सरळ घुसायचं! आठवडाभर कोळशाच्या खाणीत ड्युटी, शनिवारी मॅच. नाक तीनदा मोडलं, तरी देशाकडून खेळले. गुडघा गेला तेव्हाच थांबले.

तीन पानं वाचली. चौथ्याचा कंटाळा आला. आता तुम्हीच सांगा, ब्लॅक अँड व्हाइट फोटो, इतका जुना माणूस. आपण काय समजणार?

फोटो मोठा करून टेबलावर ठेवला. झेंडूचा हार, अगरबत्ती. मागे बॅनर, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी माइक घेऊन गेटाशी. मॅडमची गाडी शिरली तसा ओरडलो, "दोन मिनिटं शांत उभे राहा!"

साठ माणसं मान खाली घालून उभी. टेबल त्यांच्या आड. मॅडम उतरल्या, त्याही गप्प. मागून काठी टेकत एक नव्वदीचा म्हातारा आला आणि टोपी काढून माझ्या शेजारी उभा राहिला.

दोन मिनिटं संपली. म्हाताऱ्यानं हळूच इंग्रजीत विचारलं, "कोण गेलं?"

मी वर पाहिलं. तेच तीनदा मोडलेलं नाक!

पाटीलसाहेब कानात फुसफुसले, "अबे, ये तो जिंदा है!"

धावत गेलो, फोटोवरचा हार ओढला आन् आजोबांच्या गळ्यात घातला. "वेलकम, सर!" टाळ्या पडल्या. मॅडमनी विचारलं, बॅनरवर काय लिहिलंय?

"हार्दिक स्वागत," मी बिनधास्त ठोकून दिलं.

आजोबा खूश. बॅनरची घडी घालून घरी घेऊन गेले. आन् मी पर्मनंट!

परवा मॅडमचा मेल आला. पुन्हा चार पानी. या वेळी शहाण्यासारखं शेवटचं पान आधी वाचलं. बॅनर आजोबांच्या क्लबात लावलेला. तिथं एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या, त्या निघाल्या साताऱ्याच्या. त्यांनी तो सगळ्यांना मोठ्यानं, इंग्रजीत अर्थ सांगून वाचून दाखवला.

खाली शेवटची ओळ होती, 'आजोबांना तुमचा एक मोठा फोटो हवाय. हार त्यांनी आणून ठेवलाय.'