मातिन टीचर आणि मल्हाररावांचा ढेकर

अहल्येच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची आई सावित्रीबाई म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मुंबईहून वाचा-उपचार शिकून ती बसवनगुडीला घरी परतली तेव्हा सदुसष्ट साल असावं. तिथल्या इस्पितळानं तिला कोठीशेजारची खोली दिली आणि पेशंट तिला 'मातिन टीचर' म्हणू लागले. कन्नडात मात म्हणजे बोलणं. घशाच्या कॅन्सरपायी ज्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलंय, त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं. कसं? तर चक्क ढेकर देऊन! हवा गिळायची आणि ती ढेकर होऊन वर आली की तिचेच शब्द करायचे. अहल्या घरीसुद्धा सराव करी, आणि हिला नवरा कुठून मिळायचा म्हणून आई कपाळावर हात मारी.

मल्हारराव हे चिकपेटेतले साडीवाले. पूर्वी त्यांच्या नुसत्या आवाजानं रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक दुकानात येई. आता गळ्याला भोक आणि हातात पाटी. पाटीवर दुकान चालत होतं, पण घर चालत नव्हतं. त्यांच्या बायकोला, पुष्पावतीला, अक्षरओळखच नव्हती, आणि हे डॉक्टरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. नवरा दुकानातल्या सवयीनं पाटी पुढे करी, ती खाली बघे. हे आपल्यावर रागावलेत असं तिच्या मनानं घेतलं, आणि मग तीही बोलेनाशी झाली. अहल्येला ते बघवेना.

हे बोलणं शिकवताना प, त, क पासून सुरुवात करायची. ही अक्षरं जोर लावून म्हटली की हवा आपसूक खाली जाते. स्वरानं सुरू होणारा शब्द फार जड. एकदा दोघं समोर बसलेली असताना अहल्येची घाई नडली. ती म्हणून गेली, "अण्णा, म्हणा बघू, पुष्पा."

दोन-दोन प, याहून सोपं काय? अहो, पण लग्नातल्या उखाण्यानंतर त्या माणसानं बायकोचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं! सगळा संसार 'अगं'वर झालेला. मल्हारराव लालबुंद झाले, पुष्पावतीनं पदर तोंडावर घेतला, आणि दोघं उठून गेली ती पुन्हा फिरकलीच नाहीत.

अहल्येला चैन पडेना. खोलीत येरझारा घाली, दुसऱ्या पेशंटचं ऐकता ऐकता दाराकडे बघे. सर्जन म्हणाले, सोडून द्या, पाटी आहे की त्यांच्याकडे. पाटी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं थेट चिकपेटेतलं त्यांचं घर गाठलं.

मल्हारराव तिला बघून तोंड फिरवून बसले. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली, झाल्या चुकीची माफी मागितली आणि विचारलं, हे घरात जास्त काय बोलायचे?

"काय बोलणार?" पुष्पावती म्हणाली. "काफी. दिवसभर काफी, काफी. जीव नकोसा करायचे." आणि तिला रडू फुटलं.

क आला! त्या दिवसापासून अहल्या रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत ठाण मांडून बसू लागली. मल्हारराव हवा गिळत, घामाघूम होत, चिडून पाटी आपटत. नुसती हवाच वर येई. हा माणूस आता उठून जाणार, या धास्तीनं तिला स्वतःला जेवण जाईना.

आणि एका संध्याकाळी तो ढेकर आला. घोगरा, ओबडधोबड, पण स्वच्छ. "का...फी."

"स्वल्प थांबा की, दूध तापतंय!" आतून पुष्पावती पूर्वीसारखी खेकसली.

आणि चमचा हातात तसाच धरून ती धावतच दारात आली.

"पुन्हा मागा," ती म्हणाली.

मल्हाररावांनी मागितली. तिनं परत मागायला लावली, परत, परत. आत दूध उतू गेलं, तरी ती दारातून हलली नाही.